खळं कुणाच्या घरावर?

मी खळं बोलतोय. ज्वारी मळायचं नव्हे, सूर्याभोवती पडतं ते. व्याकरणात मी 'ते' आहे. पण 'ते'चं कोणी ऐकून घेत नाही असा माझा अनुभव आहे, म्हणून मी सरळ 'बोलतोय' म्हणतो. ज्याला चूक काढायची असेल त्यानं काढावी. माझ्या नावावर याहून मोठ्या चुका खपल्या आहेत.

मी आभाळात दिसलो की माणसं मान वर करतात आणि लगेच एकमेकांकडे बघतात. माझ्याकडे बघून नुसतं "वा!" म्हणणारा मला आजवर फार क्वचित भेटला. राजा मरणार, साथ येणार, लढाई पेटणार. शेजारणीची म्हैस आटली तरी मीच. एवढी कामं मला झेपणार नाहीत हो! माझा जन्म कसा होतो हे एकदा ऐकून तरी घ्या.

चैत्रात खाली जमीन तव्यासारखी तापलेली असते, तेव्हाही वर चार-पाच मैलांवर कडाक्याची थंडी असते. तिथं कधी कधी एक पांढुरका, विरळ ढग पसरतो. धुतलेलं पातळ धोतर वाळत घालावं तसा. त्यातून ऊन अडत नाही, फक्त थोडं फिकं होतं. हा ढग पाण्याच्या थेंबांचा नसतो, बर्फाच्या कणांचा असतो. प्रत्येक कण सहा बाजूंचा, शाळेतल्या पेन्सिलीसारखा. उन्हाची तिरीप एका बाजूनं आत शिरते, दुसऱ्या बाजूनं बाहेर पडते आणि जाताना वळते. वळण्याचा तिचा कोन ठरलेला. असे लाखो कण, लाखो तिरिपी, सगळ्या तेवढ्याच वळलेल्या, म्हणून सूर्यापासून सारख्या अंतरावर एक कडं उमटतं. तो मी. आतल्या कडेला तांबूस, बाहेर पांढरा.

आणि हे सर्वांत महत्त्वाचं, जे कोणी लक्षात ठेवत नाही: मी वर कुठे बसलेलो नसतो. तुमच्या डोळ्यात जे खळं दिसतं ते तुमच्याच डोळ्यापर्यंत पोचलेल्या तिरिपींचं. शेजारी उभ्या माणसाच्या डोळ्यात दुसऱ्या कणांच्या तिरिपी येतात, त्याचं खळं दुसरं. जितके डोळे तितका मी. त्यामुळे 'खळं अमक्याच्या घरावर पडलं' असं कोणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. मला डोकं नाही, तरी फिरतं.

भिलाईत हेच झालं.

तेव्हा पोलाद कारखाना उभा राहत होता. पहिली भट्टी अजून पेटायची होती. सेक्टर दोनचे क्वार्टर विटांच्या उंचीनं वाढत होते आणि ते बांधणारे लोक टिनाच्या आणि बांबूच्या ताट्यांच्या झोपड्यांत राहत होते. छत्तीसगडी होते, तेलगू होते, पंजाबी होते, आणि भंडारा-गोंदियाकडचे आपले मराठी लोक होते. मुरमाची तांबडी धूळ सगळ्यांच्या अंगावर सारखी बसायची.

या वस्तीत भीमाबाईची खानावळ होती. चार बांबू, वर टिन, पुढे शेणानं सारवलेलं अंगण. नवरा देवाजी रेल्वेच्या गँगमध्ये, दल्ली-राजहऱ्याच्या लोखंडाच्या खाणीकडे जाणाऱ्या लाइनीवर कामाला. आठ-आठ दिवस घरी नसायचा. भीमाबाई ज्वारीची भाकर, भात, वरण आणि जी मिळेल ती भाजी करायची. अंबाडीची भाजी तिच्यासारखी कोणाला जमत नव्हती. गावाकडचे वीसेक एकटे पुरुष तिच्याकडे दोन वेळा जेवायचे. नव्या वस्तीची एक गंमत होती. कोणी कोणाला आडनाव विचारत नसे. आडनाव विचारलं की पुढचं सगळं कळतं, आणि कळलं की जेवण अडतं. पोटात भूक असताना एवढी चौकशी परवडत नाही.

मग त्या वर्षी माघात देवाजीनं नागपूरहून बुद्धाची एक तसबीर आणली आणि खानावळीच्या मधल्या बांबूला टांगली. दोघांनी दीड वर्षापूर्वी दीक्षा घेतली होती. देवाजी म्हणाला, "आता लपवाचं काऊन?"

त्या संध्याकाळी सगळे जेवले. पण भाकरीचा दुसरा वाढा नेहमीपेक्षा कमी लागला, हे भीमाबाईच्या ध्यानात आलं.

मी आलो फाल्गुनात, एका सकाळी. सूर्य दोन कासरे वर आला होता. वस्तीच्या पश्चिम टोकाला पाण्याचा नळ होता, तिथं माणसं रांगेत होती. त्यांत दौलतराव मुकादम होता, गोंदियाकडचा, शेतकरी घरचा, आता बांधकामाची मचाणं बांधणाऱ्या टोळीवर मुकादम. त्यानं मान वर केली. नळापासून पाहिलं तर सूर्य बरोबर भीमाबाईच्या टिनाच्या वर होता. म्हणजे मीही तिथंच. दुसरीकडे कुठे जाणार?

"पाहा रे," दौलतराव म्हणाला, "बाईच्या छपरावर खळं पडून राहिलं."

"आवदसा दिसते बाप्पा," मागचा म्हणाला.

झालं. त्याच रांगेतला माणूस दहा पावलं उजवीकडे सरकला असता तर मी त्याला चिंचेच्या झाडावर दिसलो असतो. पण रांग सोडली तर नंबर जातो.

कामावर पोचेपर्यंत मी वाढत्या उन्हाबरोबर वर चढलो होतो. सगळी टोळी कामं टाकून माझ्याकडे बघत होती. तेवढ्यात कारखाना उभारायला आलेला एक रशियन साहेब तिथून चालला होता. त्यानं वर पाहिलं, आणि काय सांगू, त्याचा चेहरा फुलला! त्याच्या गावी हिवाळ्यात मी सारखा येतो. घरचं माणूस बाजारात भेटावं तसा तो हसला आणि काहीतरी बोलला. बरोबरच्या दुभाष्यानं हिंदीत सांगितलं, "साहब कहते हैं, ऊपर बर्फ है। उसी से बना है।"

"बरफ?" दौलतराव म्हणाला. "वर बरफ अन् खाली आमी भाजून राहिलो? साहेबाले ऊन लागलं वाटते!"

सगळे खो-खो हसले. साहेबही हसला, आपला विनोद कळला असं समजून. माझ्याबद्दल खरं बोललेला त्या दिवसातला तो एकच माणूस, आणि त्याला वेड्यात काढलं.

दुपारी मचाणाचा दोर तुटला. तेजराम नावाचा जवान पोरगा खाली आला. गिट्टीच्या ढिगावर पडला म्हणून वाचला, पण पाय मोडला. तो भीमाबाईकडेच जेवायचा. ट्रकात घालून त्याला दवाखान्यात नेलं.

आता मला सांगा, दोर कुजका असेल तर तो कोणाचा? मचाण बांधून घेणाऱ्या ठेकेदाराचा की माझा? पण ठेकेदार आला, त्यानं वर बोट दाखवलं, हात जोडले आणि म्हणाला, "ऊपरवाले का इशारा है, भाई।" नंतर पान लावून निघून गेला. माझ्याएवढा सोयीचा गुन्हेगार त्याला कुठे मिळणार होता? मी पगार मागत नाही, जबानी देत नाही, आणि संध्याकाळपर्यंत विरून जातो.

मी नसताना काय घडलं ते मला पुढच्या खेपेला खालच्या बोलण्यातून कळलं. त्या रात्री भीमाबाईच्या खानावळीत तीन माणसं जेवायला आली. दुसऱ्या दिवशी एक. मग कोणीच नाही. भात आंबला, तो तिनं शेजारच्या शेळ्यांना घातला. मग ती घरोघर गेली. "भाऊ, जेवाले काऊन येत नाई? भाजीत काई चुकलं का?"

"नाई बाई, तुमच्या हातचं तं गोड लागते. पन ते खळं..."

"बाई, आमच्या मनात काई नाई जी. खळं पडलं ना घरावर."

प्रत्येकाच्या तोंडी तेच. नम्रपणे, मान खाली घालून, खळं, खळं, खळं. तसबिरीचं नाव एकानंही काढलं नाही. नव्या वस्तीत नवं पोलाद करायला आलेली माणसं जातीपातीचं जुनं तोंड कसं उघडणार? मग आभाळ कामाला लावलं. हे मला कळलं तेव्हा मला जो संताप आला तो आजही उतरलेला नाही. ग्रहणावर खापर फोडतात, मांजरावर फोडतात, ते मी ऐकून होतो. पण माझ्या आड उभं राहून एका बाईच्या चुलीवर पाणी ओतायचं, हे माझ्या बाबतीत पहिल्यांदाच घडलं.

देवाजी सुट्टीवर घरी आला तेव्हा चूल थंड होती. त्याची स्वतःची मजुरी कच्ची होती, आज आहे तर उद्या नाही. तो म्हणाला, "चाल भीमे, गावी जाऊ. पावसाच्या आंधी गेलो तं धानाच्या रोवन्याले तरी हात लागतीन."

"गावी?" ती म्हणाली. "कोनाच्या खळ्यावर? मी नाई येत जा."

हे 'कोणाच्या खळ्यावर' म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण माझं नाव तिथूनच आलं आहे. गावी पीक निघालं की शेतकरी जमीन चोपून, सारवून गोल खळं करतो. मधे मेढ रोवतो. तिच्याभोवती बैल फिरवून धान्य मळतो. खळं पवित्र मानतात. तिथं चढताना वाहणा काढतात, शिवी देत नाहीत. धान्य निघालं की गावकामगार आपापला वाटा न्यायला येतात. भीमाबाईचे आई-बापही येत. पण त्यांनी खळ्याच्या कडेबाहेर उभं राहायचं. वाटा बाहेर फेकला जायचा, पदर पसरून झेलायचा. भीमाबाईनं लहानपणी मातीत सांडलेले दाणे वेचले होते. ती भिलाईला आली ते पुन्हा त्या कडेबाहेर उभं राहावं लागू नये म्हणून. खानावळ बुडाली तर तिला तिथंच परत जावं लागणार होतं.

मी पुन्हा आलो वैशाखात. या खेपेस दुपार कलल्यावर. पाळी सुटली होती, माणसं घरी परतत होती. भीमाबाई अंगणात बसून रिकामी परात घासत होती. पाटी, बोचकं बांधून झालं होतं. देवाजीनं दोन दिवसांनी निघायचं ठरवलं होतं. तिनं डोळ्यावर हात घेऊन पश्चिमेला पाहिलं आणि तशीच उभी राहिली.

सूर्य पश्चिमेला होता. तिच्या अंगणातून पाहिलं तर तो नळाच्या अलीकडे असलेल्या एका घराच्या वर होता. ते घर दौलतराव मुकादमाचं. आणि त्याच्या छपरावर, टिनाला टेकून, अगदी गोल, मी.

तिनं परात उचलली आणि पळीनं अशी बडवली की झाडावरचे कावळे उडाले.

"या जी! सारे या! खळं पडलं!"

माणसं धावली. अंगणात गर्दी झाली. दौलतरावही आला, मागून त्याची बायको कौशल्या आली.

"कोनाच्या घरावर हाय, सांगा," भीमाबाई म्हणाली.

सगळ्यांनी पाहिलं.

"फागुनात मोठ्यानं सांगितलं ना? आता काऊन दातखिळी बसली? मुकादम, तुमी सांगा."

दौलतराव घसा खाकरून म्हणाला, "सांजचं खळं अलग अस्ते. त्याचा दोष नसते."

"हे कोनत्या पंचांगात?"

मागून कोणीतरी फिस्सकन हसलं. पण दोन-चार जणांच्या नजरा कौशल्येकडे वळल्या होत्या. जशा भीमाबाईकडे वळल्या होत्या तशाच. कौशल्येनं ते पाहिलं. ती नवऱ्याकडे फिरली.

"माह्या घरावर खळं आलं, तं आता मी बी आवदसा का? उद्यापासून माह्या हातचं पानी बी सोडता?"

"तू चूप राय. मी पाहून येतो." दौलतराव तरातरा आपल्या घराकडे निघाला.

माझी काय पंचाईत झाली म्हणून सांगू! तो चालू लागला तसा त्याच्या डोळ्यातला मी पुढे सरकू लागलो. तो घराजवळ पोचला, तर मी घरावर नाहीच. मी पुढच्या नळाच्या पलीकडे. तो नळाशी गेला. मी आणखी पुढे, ठेकेदाराच्या टिनाच्या ऑफिसावर जाऊन बसलेला. त्याच्या मागून अर्धी वस्ती चालत आली होती. सगळ्यांनी माना वर केल्या आणि सगळ्यांना मी तिथंच दिसलो.

एक म्हातारा छत्तीसगडी मिस्त्री म्हणाला, "ये तो संग-संग चलत हे।"

"मंग आता?" भीमाबाई मागून आली होती. तिचा श्वास फुलला होता, हातात अजून पळी होती. "सकाळी माह्यावर, सांजच्याले मुकादमावर, आता ठेकेदाराच्या हापिसावर. जा, सांगा ठेकेदाराले, तुमच्याकडे काम नाई करत म्हून! जा ना!"

कोणी हललं नाही.

"नाई ना जात? कारन खळं नाई. कारन माह्या बांबूले टांगलेली तसबीर हाय. तोंडानं सांगा ना मंग! आभाळाले काऊन मधात घालता?" तिचा आवाज फुटला, पण थांबला नाही. "गावी आमाले खळ्याच्या भाईर उभं करत होते. इथं खळ्याच्या मधात आलो, तं तेबी तुमाले नाई खपत. मंग आमी उभं राहाव कुठी, तेवढं सांगा!"



तेवढ्यात कुबडीचा ठकठक आवाज आला. तेजराम. दवाखान्यातून सुटून दोन दिवस झाले होते. तो गर्दीतून पुढे आला, दौलतरावासमोर थांबला.

"मुकादम, दोर कुजका होता. मी आदल्या दिवशी तुमाले सांगितलं होतं. तुमी म्हनले, ठेकेदार उद्या नवा देते." त्यानं वर माझ्याकडे एकदा पाहिलं. "याचा काय दोष जी? हा त्या दिवशी दोर कापाले आला होता का?"

दौलतरावानं ऑफिसाकडे पाहिलं. ठेकेदाराच्या ऑफिसाचं दार मात्र आतून बंद झालं, ते मी पाहिलं.

तेजराम वळला. "भीमाबाई, भाकर असन का? दवाखान्यातलं खाऊन जीव इटला माहा."

"भाकर हाय," ती म्हणाली. "भाजी कालची हाय."

"चालते."

तो कुबडी टेकत तिच्या अंगणाकडे गेला. त्याच्या मागून दोघे गेले, मग आणखी चौघे. बाकीचे पांगले. सगळे आले असं मी म्हणणार नाही; मी खोटं बोललो तर माझ्यात आणि त्यांच्यात फरक काय? दौलतराव स्वतः त्या खानावळीत पुन्हा कधी आला नाही. पण त्याला आता 'खळं' म्हणता येईना, आणि दुसरा शब्द त्याच्या तोंडातून निघेना. ही अडचण त्याला जन्मभर पुरली.

सूर्य धुरकट क्षितिजात उतरत होता आणि मी खालून विरू लागलो होतो, तेव्हा शेवटचं एक पाहिलं. भीमाबाईच्या खानावळीत लोक पायांतल्या वाहणांसकट येत, कामाचे लोक, कोण काढत बसणार? कौशल्या आली. हातात झाकलेलं भांडं होतं, बहुतेक ताकाचं. ती दाराशी नाही, अंगणाच्या कडेलाच थांबली. जिथं सारवण सुरू होतं तिथं. वाकून तिनं पायांतल्या चपला काढल्या, बाजूला जोडून ठेवल्या आणि मग आत पाऊल टाकलं.

भीमाबाईनं ते पाहिलं. ती शेतकऱ्याची लेक नव्हती, पण खळ्यावर पाऊल कसं टाकतात हे तिनं बाहेर उभं राहून लहानपणभर पाहिलं होतं. आत जाऊन तिनं बोचक्याची गाठ सोडली आणि भाताचं मोठं पातेलं बाहेर काढलं.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. भट्ट्या पेटल्या. धूर इतका वाढला की भिलाईवर मी आलो तरी निम्म्यांना दिसत नाही. एका वर्तमानपत्रानं तर एकदा छापलं की कारखान्याच्या धुरामुळेच खळं पडतं. छापणाऱ्यानं खिडकीबाहेर डोकं काढायची तसदी घेतली असती तर बरं झालं असतं. पण त्यालाही मी सवयीनं माफ करतो.

माझं मागणं फार नाही. पुढच्या वेळी मी दिसलो तर एक करा. सूर्याकडे टक लावू नका, डोळे जातील. तो छपराआड किंवा झाडाआड घ्या. आणि मी कोणाच्या घरावर आहे हे बोट दाखवून सांगायच्या आधी आपल्या जागेवरून थोडं चालून बघा. मी तुमच्याबरोबर चालू लागेन. कोणाच्याही घरापर्यंत पोचणार नाही.

आणि ज्याला कोणाबद्दल काही वाईट म्हणायचं असेल त्यानं ते स्वतःच्या तोंडानं म्हणावं. मला तोंड नाही. हे एवढं बोललो, तेही नाइलाजानं.